तुमच्यात गोरा कोण?

रविवारी चर्चमधून आल्याआल्या कोरीननं स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं, तेव्हाच ओदीलनं ओळखलं की भावजयीच्या पोटात काहीतरी मावत नाहीये. कोरीनच्या पोटात तशी कुठलीच गोष्ट फार वेळ मावत नसे. पण दार लावण्याइतकी मोठी गोष्ट वर्षाकाठी एखादीच.

ओदील गंबोसाठी, म्हणजे खेकड्यांच्या दाट रश्श्यासाठी, पीठ भाजत होती. चरबीत पीठ टाकलं की ते चांगलं खरपूस तपकिरी होईपर्यंत हलवत राहावं लागतं. हात थांबला की करपलंच. म्हणजे पळून जायला जागा नव्हती, आणि कोरीननं मुहूर्त बरोबर साधला होता.

"वन्सं, लुसियेनच्या पलंगाखाली नवी पेटी आहे."

"असेल."

"मी उघडून बघितली."

"ते तू न सांगताही कळलं मला."

"नवे शर्ट आहेत, टाय आहेत, दाढीचं सामान आहे." कोरीननं आवाज खाली आणला. "फोटो एकसुद्धा नाही."

ओदीलचा हात थांबला. बघता बघता पिठावर काळे ठिपके उमटले आणि करपल्याचा वास स्वयंपाकघरभर पसरला. तिनं पातेलं उचललं, पीठ मागच्या अंगणात ओतून आली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

न्यू ऑर्लिन्सच्या त्या वस्तीत पेटीत फोटो नसण्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. कामधंद्यासाठी शिकागोला, कॅलिफोर्नियाला जाणारे पुष्कळ असत. ते आईचा फोटो नेत, स्वतःचा मुंजीएवढा असतानाचा चर्चमधला नेत, जुन्या कुत्र्याचासुद्धा नेत. जो एकही फोटो नेत नसे, तो गोरा व्हायला चाललेला असे, म्हणजे जिथं कुणी ओळखत नाही तिथं गोरा म्हणून राहायला. ओदीलचं रोशों घराणं कायद्यानं काळंच, पण त्यात सगळे रंग होते. एकाच किटलीतली कॉफी, कुणाच्या कपात दूध जास्त पडलं, कुणाच्या कमी. ओदीलच्या कपात जवळजवळ पडलंच नव्हतं, आणि तिचा मुलगा लुसियेन बापावर गेला होता. घारे डोळे, सरळ केस, पुढाऱ्यासारखं नाक. गेले वर्षभर तो उन्हात टोपीशिवाय पाऊल टाकत नव्हता. ओदीलला वाटायचं, पोराला डोकेदुखी असेल. आईला जे बघायचं नसतं त्याला ती डोकेदुखीच म्हणते.

याच वाटेनं तिची धाकटी बहीण ऑरेली गेली होती. तिचं नाव घरात कुणी काढत नसे. पण एकदा भर बाजारात, टोप्यांच्या दुकानासमोर, ऑरेली समोर आली, बरोबर गोरा नवरा. ओदीलच्या तोंडून हाक निघाली ती निघालीच. नवऱ्यानं विचारलं, ही कोण? ऑरेली म्हणाली, ही आमच्याकडं कपडे धुवायला यायची. आणि ओदीलनं मान डोलावली, "होय बाईसाहेब, बऱ्या आहात ना?" असं विचारलं आणि चालू लागली. बहिणीचा संसार आपल्या एका शब्दानं मोडायचा, मग आपणच धोबीण झालेलं काय वाईट? बाबांना मात्र तिनं हे आजतागायत सांगितलं नव्हतं.

"बोला की त्याच्याशी," कोरीन म्हणाली.

"काय बोलू? नको जाऊस म्हणू? इथं काय ठेवलंय त्याच्यासाठी? आयुष्यभर बसच्या मागच्या बाकावर बस म्हणू?"

कोरीननं कांदे चिरायला घेतले.

खरं तर त्या दिवशी घरात दुसरीच काळजी पुरेशी होती. ओदीलचे वडील तेलेस्फोर रोशों यांना ऐंशी पूर्ण होत होती. सगळी वस्ती त्यांना प्रोफेसर म्हणे. त्यांच्या हाताखालून गेला नाही असा वादक आसपास सापडायचा नाही. त्यांची रीत एकच. वर्षभर वाद्याला हात लावायचा नाही, आधी स्वर गळ्यातून गायचे. दांडगे गवंडी, चिरूट वळणारे, सगळे त्यांच्यासमोर हात बांधून गात उभे असत. आता डोळ्यांत मोतीबिंदू होता, दात गेले होते, क्लॅरिनेट खुंटीला लागली होती. त्यांची एकच इच्छा होती. बायको गेली तेव्हा त्यांनी तिच्यासाठी एक वॉल्ट्झ, तीन ठोक्यांची नाचाची चाल, बांधला होता. तो भरल्या हॉलमध्ये, पुऱ्या बँडवर एकदा ऐकायचा होता.

अडचण अशी की त्यातली क्लॅरिनेट एकालाच येत होती. मुलगा आर्सेन, कोरीनचा नवरा, ट्रॉम्बोनच्या नादी लागला, नातू लुसियेन कॉर्नेटच्या. पितळ चकाकतं ना. कागदावर प्रोफेसरांनी ती कधी उतरवली नाही. शिकवली ती नीनो स्पाताफोराला. नीनो कोपऱ्यावरच्या सिसिलियन किराणावाल्या बाईचा मुलगा, धक्क्यावर केळ्यांचे घड उतरवायचा. लहानपणापासून मागच्या दारानं यायचा, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून शिकायचा, फीच्या बदल्यात टोमॅटो नाहीतर लसूण ठेवून जायचा. पोरगा गुणी होता, फक्त गोरा होता. आणि काळ्यांच्या बँडमध्ये गोऱ्यानं बसायचं नाही, हा गावचा कायदा होता. स्वयंपाकघरात बसला तर कुणी बघत नाही. हॉलमध्ये बसला तर नीनो आत, बँड आत आणि हॉलला कुलूप.

आठवडाभर घरात यावरून वादावादी चालली होती. आर्सेन म्हणे, बापाच्या ऐंशीला एवढंही करायचं नाही तर बँड कशाला काढला? कोरीन म्हणे, घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, बँडला बंदी आली की खाणार काय, वॉल्ट्झ? लुसियेन मामाच्या बाजूनं उभा राहिला. तसा तो अलीकडं घरच्या कुठल्याच भांडणात पडत नसे. जणू पाहुणाच. पण नीनोसाठी मात्र हमरीतुमरीवर आला. शेवटी ओदीलनं आपलं मत आर्सेनच्या पारड्यात टाकलं आणि कोरीननं तिच्याशी तीन जेवणं अबोला धरला. त्या अबोल्याचं पारणं आज पेटी उघडून फिटलं होतं.

दुपारी वस्तीच्या मंडळाचा हॉल माणसांनी फुलून गेला. गंबोचं पातेलं मागं चुलीवर, भाताचा डोंगर, भरलेले खेकडे, पोरांसाठी साखरेच्या वड्या. प्रोफेसर पुढं वेताच्या खुर्चीत बसले होते, अंगात काळा कोट, पायात पॉलिश केलेले बूट. बँड जागेवर बसला. आर्सेननं नीनोला मुद्दाम मधे, ड्रमवाल्याच्या पुढं बसवलं. केळी वाहून वाहून तो उन्हानं इतका रापला होता की ओदीललाच क्षणभर वाटलं, हा कोण, आपलाच कुणी भाचा का? लुसियेन कडेला बसला होता, पांढऱ्या शर्टात, खिडकीच्या उजेडात.

दोन-तीन चाली झाल्या. माणसं रंगात आली. आर्सेननं हात वर केला आणि वॉल्ट्झ सुरू झाला.

ओदील पातेलं सोडून दारापाशी येऊन उभी राहिली. ही चाल तिनं फक्त तुकड्यातुकड्यानं, भिंतीपलीकडून ऐकली होती. आईच्या चालण्यात जरा लंगड होती. ती लंगड बाबांनी क्लॅरिनेटमध्ये घातली आहे हे तिला आज कळलं. तिनं बाबांकडं पाहिलं. त्यांची बोटं गुडघ्यावर नीनोच्या बरोबरीनं हलत होती.

आणि दार उघडून सार्जंट आत आला, बरोबर एक शिपाई. वाद्यं एकेक करून थांबली.

पोलिसांना कुणी सांगितलं याचा उलगडा नंतर झाला, पण आत्ताच सांगून टाकावा हे बरं. शत्रू कुणी नव्हता. नीनोच्या आईनंच आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं होतं की माझा नीनो रविवारी प्रोफेसरांच्या हॉलमध्ये वाजवणार. त्या गिऱ्हाइकांत सिगारेटी घ्यायला आलेला सार्जंटही होता. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. तिनं मुलाचं नाव घेतलं होतं, पण सार्जंटाच्या कानात राहिलं ते एवढंच की कुणी गोरा पोरगा काळ्यांत वाजवणार आहे.

"तुमच्यात गोरा कोण?" सार्जंटानं विचारलं.

आर्सेननं हसून सांगितलं, साहेब, सगळे घरचेच आहेत, म्हाताऱ्याचा वाढदिवस आहे, थोडं खाऊन जा. सार्जंटानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. एका टोकापासून तो एकेकाचं तोंड बघत निघाला. ड्रमवाल्याला सोडलं. नीनोपाशी आला, त्याचे कुरळे केस, काळवंडलेली मान पाहिली आणि पुढं सरकला. नीनोनं क्लॅरिनेट इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. सुदैवानं सार्जंट बोटं बघत नव्हता. तो लुसियेनसमोर येऊन थांबला आणि त्याच्या तोंडावर समाधान पसरलं.

"तू. गोरा आहेस ना?"

गेले वर्षभर ज्या प्रश्नाला ओदील भीत होती, तो अख्ख्या घराण्यासमोर, तिच्या बापासमोर विचारला गेला होता. नाही म्हण, ती मनात म्हणाली. नाही म्हण रे बाळा. मग तिला नीनो दिसला. लुसियेन नाही म्हणाला की सार्जंट पुन्हा पहिल्यापासून तोंडं बघणार, आणि या खेपेला नीट बघणार.

लुसियेननं एकदा नीनोकडं पाहिलं, एकदा आजोबांकडं. आईकडं मात्र पाहिलं नाही.

"हो, साहेब."

"नाव?"

"लुई मूर."

लुसियेन मोरो या नावाचे कोपरे तासून हे नाव केलं होतं, आणि ते सांगताना तो जरासुद्धा अडखळला नव्हता. ओदीलला कळलं, हे नाव आत्ता सुचलेलं नाही. आरशासमोर उभं राहून कितीतरी वेळा म्हटलेलं आहे.

सार्जंटानं त्याला दंडाला धरून उठवलं. प्रोफेसरांनी मान वर केली. दिसत त्यांना काही नव्हतं, ऐकू सगळं आलं होतं.

"गोरा आहे तर आहे," ते म्हणाले. "पण त्याला कुणीतरी सांगा, दुसऱ्या भागात तो घाई करतो."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते ओदीलनं त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. सार्जंट लुसियेनला घेऊन गेला आणि आणखी कुणी गोरा शिरू नये म्हणून शिपायाला दारात ठेवून गेला. आर्सेन मोठा धीराचा माणूस. त्यानं शिपायाच्या हातात गंबोचा वाडगा दिला आणि बँडकडं वळून दुसरीच चाल सुरू केली. नीनो वाजवत होता, त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि शिपाई खेकडा चोखत त्याच्याच तालावर पाय आपटत होता.

ओदीलला खिडकीत लुसियेनची टोपी दिसली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. तिनं टोपी उचलली आणि निघाली. मागून पावलं वाजली. कोरीन एप्रन सोडत येत होती.

"तू कशाला?"

"वन्सं, रागवायचं तर येताना रागवा. आत्ता चला."

वाटेत ओदीलनं तिला ऑरेलीची गोष्ट सांगितली. दुकानासमोरची, धोबिणीची. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला सांगत होती, आणि सांगितली ती घरातल्या सगळ्यात फुटक्या मडक्याला. कोरीन ऐकत चालली. फक्त चौकीच्या कोपऱ्यावर तिनं नणंदेचा हात धरला आणि विचारलं, आताही तेच सांगणार का?

"तेच सांगणार," ओदील म्हणाली. "त्याचं नवं नाव अजून धड वाळलंही नाहीये. मी कशाला हात लावू?"

चौकीला दोन दारं होती, पुढचं गोऱ्यांना, मागचं बाकीच्यांना. दोघी मागच्या दारानं आत गेल्या आणि लाकडी कठड्यापाशी उभ्या राहिल्या. पलीकडं लुसियेन खुर्चीत बसला होता. त्याला बसायला खुर्ची दिली होती, हातात कॉफीचा कप होता. सार्जंट टेबलाच्या कडेला टेकून त्याला बापाच्या मायेनं समजावत होता. चांगल्या घरचा दिसतोस, गाणंबजावणं ठीक आहे, पण या लोकांच्या नादी कशाला लागतोस? पहिलीच वेळ आहे म्हणून सोडतो. घरी जा, आंघोळ कर, विसरून जा.

म्हणजे सुटला, ओदीलच्या मनात आलं. पुढच्या दारानं जाईल आणि जातच राहील.

सार्जंटाचं लक्ष तिच्याकडं गेलं. "काय आहे? कोण तू?"

तिनं टोपी कठड्यावर ठेवली. शब्द तयार होते, वर्षानुवर्षं जपून ठेवलेले.

"साहेब, मी यांच्याकडं..."

"आई," लुसियेन म्हणाला, "टोपी आणलीस होय? बरं केलंस. ऊन फार आहे."

टंकलेखन करणाऱ्या शिपायाची बोटं हवेतच राहिली. सार्जंटानं आधी लुसियेनकडं पाहिलं, मग ओदीलकडं, मग पुन्हा लुसियेनकडं, आणि कानापर्यंत लाल झाला.

"ही तुझी आई?"

"हो, साहेब. आणि या मामी."

"आणखी दाखवायला हवेत का?" कोरीननं विचारलं. "हॉलभर आहेत. आत्याबाई तर तुमच्यापेक्षा गोऱ्या आहेत."

टंकलेखनवाल्या शिपायानं हसू दाबायला खोकला काढला. सार्जंटाला आता हिशेब लागत होता. काळ्या बँडमध्ये वाजवल्याबद्दल त्यानं एका काळ्यालाच भर हॉलातून धरून आणलं होतं, खुर्ची दिली होती, कॉफी पाजली होती. हे गावात फुटलं तर सिगारेट घ्यायला जायची सोय राहिली नसती.

"मग गोरा आहे म्हणून का सांगितलंस?"

"तुम्ही ठरवूनच आला होतात, साहेब. म्हटलं, नाही म्हणून तुम्हाला वाईट कशाला वाटू द्यायचं."

"आणि खरा गोरा कुठाय?"

"कोण, साहेब? तुम्ही स्वतः एकेकाचं तोंड बघितलंत."

सार्जंटानं पुढं होऊन लुसियेनच्या हातातला कप काढून घेतला. अर्धी कॉफी शिल्लक होती. खुर्चीतून उठ म्हणाला, आणि या प्रकाराबद्दल कुठं ब्र काढलास तर बघ म्हणाला, आणि चालता हो म्हणाला. लुसियेन सवयीनं पुढच्या दाराकडं वळला.

"तिकडून नाही," सार्जंट ओरडला. "मागून."

"आलो पुढून, चाललो मागून," लुसियेन कोरीनला म्हणाला. "मामी, एवढ्यात गोरेपणा संपला की हो."

बाहेर आल्यावर मात्र तो भिंतीला टेकून उभा राहिला, टोपी हातातच. ओदीलला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, दोन थोबाडीत द्याव्याशाही वाटल्या. यातलं काहीच न करता ती त्याच्या शेजारी उभी राहिली. कोरीन जन्मात पहिल्यांदा न सांगता पुढं निघून गेली.

"तुला सोडतच होता तो," ओदील म्हणाली. "दोन मिनिटं गप्प बसला असतास तर."

"तू धोबीण आहे म्हणून सांगणार होतीस ना?"

तिनं चमकून पाहिलं.

"ऑरेलीमावशीच्या वेळी मी तुझ्या बोटाला धरून होतो, आई. टोप्यांच्या दुकानापाशी. तुला वाटतं मी विसरलो. तू तिला बाईसाहेब म्हणालीस आणि घरापर्यंत माझा हात सोडला नाहीस. दुखत होता हात. आज तू कठड्याशी आलीस तेव्हा पुन्हा तेच तोंड केलं होतंस. नाव मी पाठ केलं होतं गं. हे तोंड बघायचं काही पाठ केलं नव्हतं."

ओदील रडली. भर रस्त्यात, पदराला डोळे पुसायची सोय नाही म्हणून त्याच्याच टोपीनं तोंड झाकून रडली.

दोघं चालू लागले. तिकीट गुरुवारचं आहे, तो म्हणाला. तिनं जा म्हणून सांगितलं. तिकडं काम आहे, बँड आहेत, आर्सेनच्या ट्रॉम्बोनखाली किती दिवस दबून राहशील? हॉल जवळ आला तशी नीनोची क्लॅरिनेट ऐकू यायला लागली. टोपी तिच्याच हातात राहिली होती आणि ऊन त्याच्या तोंडावर पडत होतं.

"आई, तुझा एखादा फोटो आहे का गं? पेटीत मावेल असा."

"आहे एक. लग्नातला." ती नाक ओढत म्हणाली. "पण त्यात मी फारच काळी दिसते रे."

"मग चांगला आलाय."

दारातल्या शिपायानं दुसरा वाडगा संपवला होता आणि तो तिसऱ्याची वाट बघत होता. दोघं आत शिरले तसा बँड थांबला. वेताच्या खुर्चीत प्रोफेसरांनी कान टवकारले.

"कोण आलं?"

सगळ्यांनी ओदीलकडं पाहिलं.

"माझा मुलगा, बाबा," ती हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

"मग उभा का आहे?" प्रोफेसर म्हणाले. "बसव त्याला. पहिल्यापासून घ्या, आणि दुसऱ्या भागात सावकाश."